कागदामागचे कर्ज

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रीतसर नोंदलेले एखादे खुषखरेदीखत हातात घ्या. दोन एकर जिरायत, गट नंबर बरोबर, चतुःसीमा बरोबर, दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे जागच्या जागी. मोबदला ‘यापूर्वीच रोख मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही’. ‘आज रोजी प्रत्यक्ष ताबा दिला.’ कागदात खोट काढायला जागाच नाही. मग शेतावर जा. सात-बाऱ्यावर नवे नाव चढलेले असते, पण तूर पेरणारा आणि काढणारा माणूस जुनाच. त्याच्या घरातल्या पेटीत शंभराचा एक मुद्रांक घडी घालून ठेवलेला असतो: अमुक रक्कम अमुक मुदतीत फेडली तर जमीन उलटून देईन. या दुसऱ्या कागदाची नोंदणी झालेली नसते. पुष्कळदा तो कागदही नसतो, नुसता शब्द असतो. मुदत टळली की खरेदीखत घेऊन माणूस बांधावर उभा राहतो आणि शब्द देणाऱ्याला काही आठवत नाही.

घेतलेले असते कर्ज, ठरलेले असते गहाण आणि लिहिलेली असते खरेदी. पुढच्या प्रकरणांत जे कायदे, नियम आणि निवाडे येतात ते वेगवेगळ्या काळांतले आहेत, पण बहुतेकांचा रोख याच एका प्रकारावर आहे. १८७९ पासून २०१४ पर्यंत महाराष्ट्रातल्या सावकारी आणि गहाणाच्या कायद्याला जी डागडुजी होत आली, तिचा इतिहास कायद्याने एका कागदाला हात घालावा आणि धंद्याने दुसरा कागद काढावा, असा चालला आहे. या पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना माझे मत लपवण्याचे कारण नाही. कायदा जेव्हा कागदाच्या नावामागे लागला तेव्हा तो हरला. व्यवहाराच्या मुळाशी जायची परवानगी त्याने जेव्हा न्यायाधीशाला किंवा अधिकाऱ्याला दिली, तेव्हा कर्जदाराच्या पदरात निदान काही पडले.

सुरुवात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यापासून करावी लागते, कारण कर्जदाराच्या भल्यासाठी केलेली तरतूद त्याच्यावरच कशी उलटते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. कर्जरोख्यावर दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, असे त्या कायद्याने ठरवले. हेतू हा की व्याज वर्षानुवर्षे साचू नये. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी जुना रोखा रद्द करून नवा लिहून घ्यायचा आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून मांडायचे. हिशोब करून पाहा. शंभर रुपये, शेकडा दोन रुपये महिना. तीन वर्षांत व्याज बहात्तर, म्हणून नवा रोखा १७२ चा. सहा वर्षांनी तो जवळपास २९६ चा होतो आणि नऊ वर्षांनी ५०९ चा. आपल्याकडे दामदुप्पटीचा जुना नियम होता. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नाही, म्हणजे शंभराचे दोनशेच्या वर नाहीत. मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू कर्जदारापुरता तो मानतही होती. पण तीन-तीन वर्षांनी व्याजच मुद्दल होऊन बसले तर दामदुप्पट कशाची मोजायची? आधी १८५५ मध्ये व्याजाच्या दरावरची कायदेशीर मर्यादा उठली होती. त्यानंतर चारच वर्षांनी आलेल्या या उपकारक कायद्याने दामदुप्पटीचा आडोसाही पोकळ करून टाकला.

त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर उतरला, पण वाढलेला सारा उतरला नाही. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारगावी दंगा उसळला आणि पुणे-नगर भागात पसरला. दख्खनचे दंगे म्हणून त्यांची नोंद झाली. दंगेखोरांनी मुख्यतः मागितले ते रोखे, खतावण्या, हुकूमनामे, आणि मिळाले तिथे जाळले. या दंग्यांवर इतके लिहिले गेले आहे की इथे त्यात शिरत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की त्या शेतकऱ्यांना आपले दुखणे नेमके कुठे आहे ते ठाऊक होते.

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो होता. आजच्या ग्राहक-कर्ज कायद्यांत जे नवे म्हणून मिरवले जाते, त्यातले बरेचसे त्यात सापडते. कर्जदाराला पावती द्यायची, मागेल तेव्हा हिशोब द्यायचा, खातेपुस्तक द्यायचे, दस्त गावच्या निबंधकासमोर करायचा. कर्जापायी शेतकऱ्याला कैदेत टाकता येणार नाही. नावानिशी तारण दिलेली नसेल तर जमीन विकता येणार नाही. सगळ्यांत धाडसी भाग हा की रोख्यावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा हिशोब न्यायाधीशाने काढावा आणि व्याजावरचे व्याज वगळून खरे देणे किती ते ठरवावे. करार म्हणजे करार, असे मानणाऱ्या त्या काळात सरकारने हे करावे याचे नवल वाटते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम पाहिले. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. त्यातला रोष नुसत्या सावकारावर नाही, कचेरीतल्या कामगारावर तो अधिक आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. कायदा कितीही चांगला असला तरी तो ज्या टेबलावरून जातो, त्या टेबलामागे कोण बसले आहे हे पाहावेच लागते.

मग व्हायचे ते झाले. कायदा कर्जाच्या रोख्याच्या आणि गहाणाच्या मागे लागला, तेव्हा धंदा खरेदीखताकडे सरकला. कागदावर विक्री, पोटात गहाण. त्यासाठी पुढे कायद्यात १०-अ हे कलम घालावे लागले: दस्ताला नाव काहीही असो, व्यवहाराचे खरे स्वरूप न्यायालयाने तपासावे. ही तरतूद त्या वेळीही पुष्कळांना आवडली नव्हती. नोंदलेल्या दस्ताच्या विरुद्ध तोंडी पुरावा घेऊ लागलात तर मालकी हक्काला अर्थ काय राहिला, असा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता.

या आक्षेपाचे वजन १९२९ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या दुरुस्तीत दिसले. आपल्याकडे ज्याला मुदत खरेदी म्हणतात ते त्या कायद्याच्या कलम ५८ मध्ये गहाणाचाच एक प्रकार म्हणून येते. १९२९ च्या दुरुस्तीने अट घातली की जमीन परत देण्याचा शब्द त्याच दस्तात असला पाहिजे. वेगळ्या कागदावर असेल तर तो व्यवहार गहाण धरला जाणार नाही. यामागची इच्छा सरळ होती, खरेदीदाराला आपण नेमके काय घेतो आहोत हे एका कागदावरून कळावे. पण पेटीतल्या त्या शंभराच्या मुद्रांकाचे मरण तिथेच ओढवले. सावकाराच्या वकिलाने एवढेच करायचे, की परतीची अट पहिल्या दस्तात येऊ द्यायची नाही. गहाण म्हणून दस्त झाला असता तर कर्जदाराला सोडवून घेण्याचा हक्क वर्षानुवर्षे राहिला असता. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात त्यासाठी तीस वर्षे आहेत. ताबेगहाणाच्या बाबतीत तर पैसे फिटेपर्यंत मुदत सुरूच होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. खरेदीखत झाले की यातले काही उरत नाही. लेखकाने या दुरुस्तीवर लिहिलेले प्रकरण मला या पुस्तकातले सर्वांत चांगले वाटले. वकील नसलेल्या वाचकाने तेच आधी वाचावे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई सावकार कायदा, १९४६ आला आणि त्याने परवान्याची पद्धत बसवली. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘सावकारी आणि सावकार; शेतीकर्जाचे निवारण’ हा विषय राज्यसूचीत तिसावा आहे, त्यामुळे हा कायदा राज्याचाच राहिला आणि सहकार खात्याच्या हाती गेला. तो सहा दशकांहून जास्त काळ चालला, आणि कायदा वेळच्या वेळी न सुधारल्याने काय होते हे त्याच्या एका ओळीत पाहता येते. वचनचिठ्ठी सोडून धनादेशासारख्या चलनक्षम कागदावर दिलेली तीन हजार रुपयांवरची रक्कम त्या कायद्यात ‘कर्ज’ धरली जात नसे. ज्या काळी तीन हजार म्हणजे व्यापाऱ्यांमधली उलाढाल होती, त्या काळी या ओळीत काही वावगे नव्हते. पण पुढे पन्नास हजाराचे खासगी कर्जही धनादेशाने दिले की कायद्याच्या व्याख्येबाहेर पडू लागले. कोणी फसवाफसवी करायची गरजच नव्हती, महागाईनेच कायदा कुरतडला. २०१४ च्या नव्या कायद्यात ही मर्यादा बरीच वर नेली आहे. तीही एक दिवस लहान होणार, आणि ती आपोआप वाढत जाईल अशी सोय आपल्याकडे कोणी करत नाही.

१९७५ चा कर्जमुक्ती कायदा आणीबाणीतला. छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांची कर्जे त्याने संपवली आणि गहाण पडलेले दागिने परत करायला लावले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कायदा उचलून धरला. राज्याला एवढे टोकाचे पाऊल उचलता येते, हे त्यातून ठरले. पण एका फटक्यात कर्ज पुसले तरी पुढच्या जूनमध्ये बियाणाला पैसे लागतातच, आणि ते देणारा दुसरा कोणी उभा नसेल तर माणूस पुन्हा त्याच दारात जातो. त्या काळाबद्दल लेखक जरा भाबडेपणाने लिहितात, असे मला वाटले.

विदर्भातल्या आत्महत्यांनी हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. २००६ मध्ये पंतप्रधान तिथे येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर झाली, आणि त्याच सुमारास राज्यांच्या सावकारी कायद्यांचा फेरविचार रिझर्व्ह बँकेनेही सुरू केला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१० मध्ये नवे विधेयक मंजूर केले, पण त्याचा कायदा व्हायला २०१४ उजाडले. मधल्या काळातली एक घटना सांगितली पाहिजे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सावकारीच्या तक्रारीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांकडून पोलिसांपर्यंत सूचना गेली, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये राज्य सरकारवर दहा लाखांचा खर्च बसवला. सावकार म्हटला की धोतर-टोपीतला परगावचा वाणी डोळ्यांसमोर आणणाऱ्यांनी तो निकाल वाचावा. आजचा सावकार गावातलाच असतो, त्याच्याकडे ट्रॅक्टर असतो, पतसंस्थेत पद असते आणि निवडणुकीत त्याच्या घरासमोर गाड्या उभ्या राहतात.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ हा या पुस्तकाचा मुख्य विषय. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चक्रवाढ व्याज नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचे नाही, म्हणजे दामदुप्पट आता धर्म न पाहता सगळ्यांना. व्याजाचे दर सरकार ठरवते. २०१४ मध्ये ठरलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२. इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८.

हे आकडे गावातल्या भाषेशी जुळवून पाहा. गावात व्याज वर्षाचे कोणी बोलत नाही. ‘शेकड्याला तीन’, ‘शेकड्याला पाच’, आणि ते महिन्याचे. एक लाख शेकडा पाचने उचलले तर महिन्याला पाच हजार जातात आणि वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरून होते. मुद्दल तसेच. कायद्याने त्याच शेतकऱ्याला तारणावर महिन्याला साडेसातशे पडायला हवेत. साडेसातशे आणि पाच हजार, या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्यातच बेकायदा सावकारीचा सारा बाजार भरतो. मला शंका येते ती इथे. परवाना काढलेला, हिशोब ठेवणारा, विवरणपत्रे भरणारा सावकार नऊ टक्क्यांनी शेतकऱ्याला कर्ज का देईल? तो सोनारीच्या दुकानात बसून बिगरशेती कर्ज देईल, दागिना ठेवून. शेतकऱ्याला बिनपरवान्याच्या माणसाकडे ढकलण्यात या कमी दराचा वाटा आहे की नाही, हा प्रश्न लेखकाने टाळला आहे. दर खाली ठेवणे सरकारला सोपे पडते, त्याला तिजोरीतून काही द्यावे लागत नाही.

परवान्याला कार्यक्षेत्र असते, हाही असाच एक काटा. २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जे स्वतः फेडायचे ठरवले, तेव्हा पुष्कळ कर्जे सावकाराच्या कार्यक्षेत्राबाहेर दिलेली निघाली आणि ती अडली. बाजाराचा गाव एका तालुक्यात, शेत दुसऱ्या तालुक्यात. शेतकऱ्याला याची कल्पना असण्याचे काही कारणच नव्हते.

या कायद्याचा खरा गाभा कलम १८. कर्जाच्या तारणापोटी जमीन किंवा घर सावकाराच्या ताब्यात गेले आहे असे मानायला कारण असेल, मग ते विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल अशा कोणत्याही नावाने गेलेले असो, तर पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन जिल्हा निबंधकाला चौकशी करता येते. खात्री पटली तर तो दस्त अवैध ठरवून ताबा मूळ मालकाला परत देण्याचा आदेश काढता येतो. त्यावर विभागीय निबंधकाकडे अपील. म्हणजे १०-अ पुन्हा आले, आणि या वेळी दिवाणी न्यायालयाऐवजी सहकार खात्याच्या अधिकाऱ्याच्या हातात.

कागदामागे जाण्याची ही परवानगी मला मनापासून पटते, आणि तिची अडचणही तिथेच आहे. जिल्हा निबंधक म्हणजे बहुतेक ठिकाणी सहकारी संस्थांचे जिल्हा उपनिबंधक. त्यांच्याकडे बाजार समित्या आहेत, सोसायट्यांच्या निवडणुका आहेत, पतसंस्थांच्या ठेवी अडकलेल्यांचे मोर्चे आहेत, आणि शहरी जिल्ह्यांत पार्किंगवरून भांडणाऱ्या गृहनिर्माण संस्था आहेत. त्यातून वेळ काढून त्यांनी पंधरा वर्षांपूर्वीचा रोखीचा व्यवहार उकलायचा. कर्जदाराकडे पावती नाही. साक्षीदार सावकाराच्या उसात कामाला. पोलिसांसह धाड पडते तेव्हा सह्या केलेले कोरे धनादेश, कोरे मुद्रांक, दुसऱ्यांच्या नावाचे सात-बारे, खरेदीखतांच्या प्रती आणि आद्याक्षरांनी भरलेली डायरी असा मुद्देमाल पंचनाम्यात येतो. डायरीतले ‘बा. ५० / ३’ म्हणजे बाळूला पन्नास हजार तीन टक्क्यांनी, हे सिद्ध कोणी करायचे? शिवाय एकदोन वेळा हातउसने देणे म्हणजे सावकारीचा धंदा नव्हे, धंद्यात सातत्य लागते, असे न्यायालये सांगत आली आहेत. त्यामुळे एका शेतकऱ्याची तक्रार एकटी पडली की दुबळी होते. त्याच माणसाने आणखी दहाजणांच्या जमिनी तशाच घेतल्या आहेत हे दाखवले तर तीच तक्रार उभी राहते. तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात एकाच खरेदीदाराच्या नावावर किती खरेदीखते झाली, हे आज संगणकावर काढता येते. अर्जाची वाट न पाहता खात्याने दरवर्षी ती यादी काढावी, ही या पुस्तकातली सूचना नियमांत बदल न करताही अमलात येण्यासारखी आहे.

कोऱ्या धनादेशाचे स्वतंत्र प्रकरण पुस्तकात आहे. विनापरवाना सावकाराला न्यायालयाने हुकूमनामा देऊ नये, असे हा कायदा म्हणतो. मग तो दिवाणी दावा लावतच नाही. धनादेश बँकेत टाकतो, तो परत येतो, आणि चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो. तिथे सही मान्य असली की देणे होते असेच गृहीत धरले जाते, आणि नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. पुन्हा तेच: राज्याच्या कायद्याने एक दार लावले, केंद्राच्या कायद्याचे दुसरे उघडे होते.

आता शहराकडे. इथे गहाण वेगळे दिसते. घराच्या कर्जाला बहुतेक वेळा गहाणखत होत नाही, मूळ कागदपत्रे बँकेत ठेवली की गहाण झाले. ही सोय कायद्याने मुळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई यांसारख्या बंदरांना व्यापारासाठी दिली, पुढे सरकारने अधिसूचित केलेल्या गावांना. तिची नोंद कुठेच होत नसल्याने एकच सदनिका रंगीत झेरॉक्सवर दोन-तीन ठिकाणी गहाण पडण्याचे प्रकार झाले. महाराष्ट्राने नोंदणी कायद्यात दुरुस्ती केली आणि १ एप्रिल २०१३ पासून असे कागद ठेवल्यावर तीस दिवसांत त्याची सूचना निबंधकाकडे दाखल करणे बंधनकारक केले. राज्याने हातात असलेल्या अधिकाराचा नेमका वापर कसा करावा, याचा हा चांगला नमुना आहे. कोणाची जप्ती नाही, लपलेला व्यवहार नोंदवहीत आला. बिल्डरने ग्राहकाशी करार केल्यावर तीच सदनिका गहाण टाकू नये, ही तरतूद रेराच्या केंद्रीय कायद्यात २०१६ मध्ये आली.

कर्ज फेडल्यावर कागद परत मिळण्याची कथा तर घरोघरची. शाखेतून सांगतात कागद मुख्य कार्यालयात, तिथून सांगतात गोदामात, गोदाम दुसऱ्या राज्यात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये फर्मान काढले की पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत करा, उशीर तुमच्यामुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये ग्राहकाला द्या. १ डिसेंबर २०२३ पासून ते लागू आहे. गोदामे अचानक जवळ आली म्हणतात.

दुसरी सुधारणा खर्चाच्या हिशोबाची. एक लाख, एका वर्षासाठी, ‘सरळ बारा टक्के’. व्याज बारा हजार, हप्ता ९,३३३ रुपये. ऐकायला बारा, पण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर लागले, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यात प्रक्रिया शुल्काचे दोन हजार आधीच कापून घेतले तर तो पंचवीसच्या पुढे जातो. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य माहितीपत्रक द्यावे लागते आणि त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहावा लागतो. १८७९ मध्ये सावकाराला पावती आणि खातेपुस्तक सक्तीचे केले होते, त्याच जातीची ही सक्ती. तो कागद वाचून दाखवणारा कोणी शेजारी असेल तरच तिचा उपयोग, हे तेव्हाही खरे होते.

पण ही फर्माने रिझर्व्ह बँकेची, सावकारी कायदा राज्याचा. मधली भिंत सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पक्की बांधली. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांवरून उठलेल्या त्या वादात निकाल लागला की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. कायद्याच्या दृष्टीने निकाल सुसंगत आहे, एका कंपनीवर दोन मालक नकोत. कर्जदाराच्या दृष्टीने पाहा. सोन्यावर पैसे देणारी दोन दुकाने एकाच रस्त्यावर समोरासमोर. एकाला सरकारी दराची मर्यादा, दुसऱ्याला नाही. एकाची तक्रार सहायक निबंधकाकडे, दुसऱ्याची रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तीही आधी कंपनीकडे करून महिनाभर थांबल्यावर. आणि मोबाइलवर सात दिवसांसाठी पाच हजार देऊन नातेवाइकांना फोन लावणारे ॲप यांपैकी कोणाच्याच वहीत नसेल तर सायबर पोलिसांकडे. सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी नोंदणीकृत संस्थांच्या ॲपना शिस्त लावली. कर्जाची रक्कम थेट खात्यात, विचार बदलला तर दंडाविना परत करण्याची मुभा, फोनमधल्या नावांच्या यादीला हात लावायचा नाही. नोंदणीच नसलेल्यांना ती शिस्त लावणार कोण?

लेखकाचे म्हणणे आहे की राज्याने आपला कायदा बदलून अशा ॲपना स्पष्टपणे सावकार म्हणावे आणि २०१४ च्या कायद्याखाली आणावे. मला वाटते व्याख्येत ते आजही बसतात, परवाना नसलेला सावकार तो सावकारच. अडते ते अंमलबजावणीत. ज्या जिल्हा उपनिबंधकाला शेजारच्या तालुक्यातली डायरी उलगडत नाही, त्याला दुसऱ्या देशात ठेवलेला सर्व्हर कसा सापडावा? इथे राज्याने मोठेपणा बाजूला ठेवून केंद्राकडे बोट दाखवणे मी समजू शकतो.

केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये विनियमनाबाहेरच्या कर्जव्यवहाराला बंदी घालणाऱ्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाविषयीच्या कार्यगटाने २०२१ मध्ये केलेली शिफारस त्यामागे आहे. नातेवाइकांमधली उसनवारी सोडून, कोणत्याही नियामकाकडे न नोंदलेल्याने कर्ज देण्याचा धंदा केला तर कैद आणि मोठा दंड, असा त्याचा रोख आहे. शिक्षा कडक आहेत. परंतु कलम १८ सारखे, बुडालेली जमीन परत मिळवून देणारे काही त्यात नाही. ते काम राज्याच्याच कायद्याला करावे लागणार, आणि त्यासाठी पंधरा वर्षांची मर्यादा, चौकशी अधिकाऱ्यांची संख्या आणि अपिलाचा काळ या तीन गोष्टींवर पुन्हा बसावे लागेल. मर्यादा काढूनच टाकावी, असे लेखक शेवटच्या प्रकरणात सुचवतात. मी त्याच्या विरोधात आहे. जमीन त्यानंतर तिसऱ्याच्या हाती गेली असेल आणि त्याने बाजारभावाने, प्रामाणिकपणे घेतली असेल, तर त्यालाही कोणीतरी उत्तर द्यावे लागते. गहाणाच्या तीस वर्षांशी ती जोडावी आणि तिसऱ्या खरेदीदाराला वेगळे संरक्षण द्यावे, असे माझे म्हणणे. लेखकाने या प्रश्नावर दिलेले निवाडे पाहून वाचकाने आपले मत बनवावे.